जबड्यातील काळी सावली



नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या आसपासच्या गावांतील लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. शास्त्रज्ञांनी या भागात भूकंपमापक बसवले. जमिनीच्या पोटात शिरून पाहणे तर शक्य नव्हते. वर उमटलेल्या खुणांवरून आत काय घडत असावे, याचे अनुमान त्यांना करायचे होते.

वैद्यकशास्त्रातही असे प्रसंग रोज येतात. समजा, तलासरीजवळच्या एखाद्या आश्रमशाळेतील मुलाचा गाल एका बाजूने हळूहळू सुजू लागला आहे. दुखत काहीच नाही. दंतवैद्य जबड्याचे क्ष-किरणचित्र काढतात आणि त्यात हाडाच्या मधोमध एक गोल काळा डाग दिसतो. हा डाग कशाचा? तो किडलेल्या दातामुळे आला असेल, तर उपाय लहान आहे. ती हाड पोखरत जाणारी गाठ असेल, तर उशीर महागात पडेल. आणि तो हाडातील नेहमीचेच एक छिद्र असेल, तर काहीही करायचे नाही! डाग तिन्ही वेळा काळाच. मग ओळखायचे कसे? ते आज पाहू.

सावली कशी पडते?

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्याच जानेवारीत ओटो वाल्कहोफ या दंतवैद्याने स्वतःच्या दाढांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला २५ मिनिटे तोंडात काच धरून निश्चल राहावे लागले! आज याच कामाला सेकंदाचा काही भाग पुरतो.

क्ष-किरण शरीरातून आरपार जातात, पण सगळीकडून सारखेच जात नाहीत. मांस, रक्त, पाणी यांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशी हलकी मूलद्रव्ये असतात. हाडात व दातात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे क्षार असतात. कार्बनचा अणुअंक ६, ऑक्सिजनचा ८, फॉस्फरसचा १५ आणि कॅल्शियमचा २०. अणुअंक मोठा असला की क्ष-किरण फार अधिक प्रमाणात शोषले जातात. म्हणून फिल्मवर क्षारयुक्त भाग पांढरा आणि मऊ भाग काळा दिसतो. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे एनॅमलमध्ये, वजनाने सुमारे ९६ टक्के क्षार असतात. ते सर्वांत पांढरे. त्याखालचा दाताचा भाग थोडा करडा, त्यानंतर हाड आणि शेवटी मऊ भाग. धातू भरलेला दात मात्र एनॅमलपेक्षाही शुभ्र दिसतो.

वारली चित्र आठवा. गेरूने सारवलेल्या गडद भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढऱ्या आकृती काढतात. क्ष-किरणचित्रही तसेच गडद पाटीवरचे पांढरे चित्र असते. फरक इतकाच, की येथे पांढऱ्या रंगाइतकाच त्यातील मोकळ्या काळ्या जागेचाही अर्थ लावावा लागतो.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. पाणी आणि मांस यांची सावली जवळजवळ सारखीच पडते. म्हणजे हाडातील पोकळीत पाणी भरलेले असो, पू असो किंवा मांसाची गाठ असो, फिल्मवर तिन्ही काळीच. काळी सावली आपल्याला “येथे हाड नाही” एवढेच सांगते. तेथे हाडाऐवजी काय आहे, हे ती सांगत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की हाडातील क्षारांपैकी साधारण ३० ते ५० टक्के नाहीसे झाल्याशिवाय साध्या फिल्मवर फरक दिसतच नाही. त्यामुळे सुरुवातीचा रोग चित्रात सापडला नाही, तरी तो नाहीच असे म्हणता येत नाही.

पुटी म्हणजे काय?

अमीबाची पुटी तुम्ही पुस्तकात वाचली आहे. जबड्यातील पुटी वेगळी. दंतवैद्य तिला सिस्ट म्हणतात. आतून पेशींचे अस्तर असलेली आणि द्रवाने भरलेली ही एक बंद पिशवी असते.

हे अस्तर हाडात येते कोठून? गर्भावस्थेत दात तयार होताना त्वचेसारख्या पेशींचा एक थर जबड्यात खोल उतरतो. दात घडवून झाला तरी त्या पेशींचे काही पुंजके मुळाभोवती मागे राहतात. मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना त्याचेच नाव मिळाले आहे. हे पुंजके वर्षानुवर्षे निपचित असतात. पुढे दात किडतो, कीड त्याच्या आतल्या मऊ गाभ्यापर्यंत जाते, गाभा मरतो आणि जंतूंची विषे मुळाच्या टोकातून हाडात झिरपतात. त्या दाहाने हे पुंजके जागे होऊन वाढू लागतात. मधल्या पेशी मरतात आणि तेथे पोकळी होते.

पोकळी मोठी कशी होते, हे समजायला मनुका पाण्यात टाकून पाहा. परासरणामुळे पाणी आत शिरते आणि मनुका टरारून फुगतात. पुटीतही मेलेल्या पेशींमुळे द्रव दाट होतो आणि भोवतालचे पाणी आत ओढले जाते. त्याच वेळी दाहातून निघणारी रसायने हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतात. पिशवी फुग्यासारखी सर्व बाजूंनी सारखी दाबते, म्हणून सावली बहुधा गोल असते. ही वाढ अतिशय सावकाश होते, म्हणूनच दुखत नाही. आणि दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात उशिरा जातो.

आधी नेहमीची छिद्रे ओळखा

निरोगी जबड्यातही काळ्या जागा असतात. खालच्या जबड्यात उपदाढांच्या मुळांजवळ दोन्ही बाजूंना एकेक छिद्र असते. त्यातून हनुवटीकडे व खालच्या ओठाकडे जाणारी नस बाहेर पडते. वरच्या दाढांच्या वर जबड्याच्या हाडातील हवेची पोकळी असते. वरच्या मधल्या दोन पटाशीच्या दातांमागे आणखी एक छिद्र असते. यांपैकी एखादे छिद्र नेमके मुळाच्या टोकावर आलेले दिसले, की पुटीचा भास होतो आणि चांगला दात विनाकारण कोरला जाण्याची भीती असते.

यावर युक्ती सोपी आहे. क्ष-किरणाची नळी थोडी बाजूला सरकवून दुसरे चित्र घ्यायचे. डाग मुळाशीच जडलेला असेल, तर तो मुळाबरोबर राहतो. छिद्र मुळापासून वेगळ्या अंतरावर असल्यामुळे त्याची सावली मुळापासून दूर सरकते. धावत्या गाडीतून पाहताना जवळचे खांब वेगाने मागे जातात आणि दूरचे डोंगर जागेवरच वाटतात ना? तेच तत्त्व येथे आहे. दुसरी खूण म्हणजे दाताच्या खोबणीची पातळ पांढरी रेघ. निरोगी दाताच्या मुळाभोवती ती अखंड असते. ती टोकाशी तुटलेली दिसली, तर संशय बळावतो.

सहा प्रश्न

डाग नेहमीचे छिद्र नाही अशी खात्री झाली, की दंतवैद्य पुढील प्रश्न क्रमाने विचारतात.

१. डाग कोठे आहे? खालच्या जबड्यातून नसेची एक नळी जाते. दातापासून उगम पावलेले रोग बहुधा तिच्या वर असतात, कारण दात तेथेच असतात. नळीच्या खाली, जबड्याच्या कोनाजवळ डाग दिसला, तर कारण वेगळे असू शकते. अशा डागांचे वर्णन एडवर्ड स्टाफने याने १९४२ मध्ये केले. ती पुटी नसते. हाडाला आतल्या बाजूने पडलेला तो खळगा असतो व त्यात बहुधा लाळग्रंथीचा भाग बसलेला असतो. त्यावर उपचार लागत नाही.

२. कड कशी आहे? सावकाश वाढणाऱ्या वस्तूभोवती हाडाला नवे कठीण कुंपण घालायला वेळ मिळतो. म्हणून कडेला बारीक पांढरी रेघ दिसते. कड पुसट, कसर लागलेल्या कापडासारखी असेल, तर वाढ झपाट्याची आहे असे समजून त्वरा करावी लागते. मात्र साध्या पुटीत जंतू शिरून पू झाला, तरी ही रेघ पुसली जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

३. कप्पे किती? एकच मोकळी खोली, की साबणाच्या फेसासारखे किंवा मधाच्या पोळ्यासारखे अनेक कप्पे?

४. दाताशी नाते काय? डाग मुळाच्या टोकाशी आहे, न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती आहे, की दोन मुळांच्या मध्ये?

५. शेजाऱ्यांचे काय झाले? मुळे बाजूला ढकलली गेली, की सुरीने कापल्यासारखी आखूड झाली? नसेची नळी खाली सरकली का? हाड बाहेरच्या अंगाला फुगले का? यासाठी काटकोनात दुसरे चित्र घेतात. एकाच चित्रात लांबी-रुंदी कळते, जाडी कळत नाही.

६. दात जिवंत आहे का? याचे उत्तर चित्रात नसते. दाताला बर्फासारखा गार स्पर्श करून किंवा विजेचा अगदी सौम्य झटका देऊन पाहतात. जिवंत दाताला ते जाणवते, मेलेल्याला सहसा नाही. अनेकदा या साध्या चाचणीनेच निकाल फिरतो.

चार चित्रे

आता हे प्रश्न चार कल्पित रोग्यांना लावून पाहू.

पहिला रोगी १४ वर्षांचा. खालची पहिली दाढ खोल किडलेली, तिच्या मुळाच्या टोकाशी गोल काळा डाग, कड रेखीव. दाढेला गार लागत नाही. हा रोग मेलेल्या दातातून आला आहे. ती मुळाच्या टोकाची पुटी असेल किंवा दाहाने तयार झालेली मांसल गाठ असेल. दोघींची सावली सारखीच! डाग एक सेंटिमीटरपेक्षा बराच मोठा असेल तर पुटीकडे झुकावे, पण पैज लावू नये. दाताच्या मुळाची नळी स्वच्छ करून भरली, की पुष्कळ वेळा डाग काही महिन्यांत भरून येतो.

दुसरी रोगी १२ वर्षांची. दुधाची दाढ पडलेली नाही आणि तिच्याखालच्या न उगवलेल्या उपदाढेच्या माथ्याभोवती मोठी काळी टोपी आहे. न उगवलेल्या दाताभोवती तीनएक मिलिमीटरची काळी जागा नेहमीचीच असते. ती पाच मिलिमीटरच्या वर गेली आणि तिच्या कडा दाताच्या मानेशी चिकटलेल्या दिसल्या, तर दातावरची पुटी असल्याचा संशय घ्यावा. या वयात पिशवीला खिडकी पाडून दाब कमी केला, तर अडकलेला दात कित्येकदा आपोआप वर येतो.

तिसरा १६ वर्षांचा. तक्रार काहीच नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात डाग सापडला. त्याची वरची कड मुळांच्या मधून बोटे घातल्यासारखी वर गेली आहे. दात सगळे जिवंत. ही साधी हाडातील पोकळी असण्याचा संभव अधिक. तिला पेशींचे अस्तर नसते, म्हणून खऱ्या अर्थाने ती पुटीच नव्हे. या दातांची मुळे भरली, तर जिवंत दात नाहक मारल्यासारखे होईल.

चौथा ३० वर्षांचा. जबड्याच्या कोनाजवळ फेसासारखे अनेक कप्पे, हाड फुगलेले, दाढांची मुळे कापल्यासारखी. येथे अमेलोब्लास्टोमा या गाठीचा विचार आधी करावा लागतो. ती सहसा दूर पसरत नाही, पण जागच्या जागी हाड पोखरत जाते आणि अपुरी काढली तर पुन्हा येते. केरॅटोसिस्ट नावाची पुटीही अशीच दिसू शकते. ती मात्र हाडाच्या लांबीच्या दिशेने पसरते आणि त्या मानाने हाड कमी फुगवते.

सावलीची मर्यादा

या केरॅटोसिस्टची गोष्ट मोठी बोलकी आहे. ती काढल्यावर पुन्हा उद्भवते, म्हणून २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिला अर्बुद, म्हणजे गाठ, ठरवण्यात आले. २०१७ च्या वर्गीकरणात तिला पुन्हा पुटींच्या यादीत बसवले गेले. वस्तू हातात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या तज्ज्ञांचेही नाव ठरवताना असे मतांतर होते. मग नुसत्या सावलीवरून छातीठोक नाव सांगणे किती धाडसाचे!

म्हणून मोठ्या डागाबाबत पुढची पायरी सुईची. जाड सुई घालून आतला द्रव ओढतात. गवताच्या काडीसारखा पिवळसर द्रव आला, तर पुटीचा संभव वाढतो. दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा पदार्थ आला, तर केरॅटोसिस्ट आठवावी. काहीच आले नाही, तर आत मांसाची गाठ किंवा रिकामी पोकळी असेल. आणि लालभडक रक्त जोराने आले, तर तेथेच थांबावे. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते व तिच्यावरचा दात उपटला, तर जिवावर बेतेल असा रक्तस्राव होतो. शेवटचा निर्णय सूक्ष्मदर्शकाचा. तुकडा किंवा काढलेली संपूर्ण पिशवी प्रयोगशाळेत तपासली, की मगच निदान पक्के होते. तोवर क्ष-किरणचित्राने दिलेली असते ती संशयितांची क्रमवार यादी. पण ती यादी नसेल, तर सुई कोठे घालायची, हेही कळणार नाही.

सावली काळाबरोबर बदलते, हेही विसरू नका. जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातील एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ लहानमोठे दातासारखे तुकडे काढण्यात आले. शस्त्रक्रिया सुमारे सात तास चालली. त्याची सूज दीड वर्षापासून होती. या रोगाला ओडोंटोमा म्हणतात. दात घडवणाऱ्या पेशींचा क्रम बिघडतो आणि एका दाताऐवजी दातांचा ढीग तयार होतो. अशी गाठ सुरुवातीला, क्षार साचण्यापूर्वी, काळीच दिसते. नंतर तिच्यात पांढरे ठिपके येतात आणि शेवटी ती पांढरीशुभ्र होते. म्हणजे आज पुटीसारखा दिसणारा डाग काही काळाने वेगळेच रूप दाखवू शकतो. जुनी चित्रे जपून ठेवावीत ती यासाठी.

आपल्या शाळेत

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथूनच झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या कार्यक्रमात शाळेत येऊन मुलांची तपासणी केली जाते व तपासायच्या विकारांत दातांचे विकारही आहेत. तपासणीच्या दिवशी तोंड उघडायला लाजू नका. शिक्षकांनीही काही खुणा ध्यानात ठेवाव्यात: गाल किंवा हिरडी एका बाजूने फुगणे, कायमचा दात जोडीदार येऊनही वर्षभर न येणे, जवळचे दात एकाएकी वाकडे होणे, हिरडीवर पुन्हा पुन्हा पुळी येणे, ओठ बधिर होणे. यांपैकी काहीही दिसले, तर मूल रडत नाही म्हणून थांबू नये. डहाणू किंवा तलासरीच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. गरज पडली तर ते पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवतील. एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत मुंबईची लोकल येते, तेव्हा ती वाट पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही.

क्ष-किरणांचे भय बाळगू नये, पण आदर बाळगावा. दाताच्या एका लहान चित्राला लागणारा किरणांचा मारा फार थोडा, निसर्गातून आपल्याला एकदोन दिवसांत मिळतो तेवढा किंवा त्याहूनही कमी असतो. तरीही विनाकारण चित्र काढू नये. अमेरिकेतील एडमंड केल्स हा दंतवैद्य सुरुवातीच्या काळात वर्षानुवर्षे आपला हात किरणांत धरत असे. त्याला बोटे आणि पुढे हातही गमवावा लागला. चित्र घेताना दंतवैद्य आज दूर उभे राहतात, ते अशा अनुभवांतून शिकूनच.

करून पाहा

अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून भिंतीवर दोन पेन्सिलींच्या सावल्या पाडा. एक पेन्सिल भिंतीजवळ धरा, दुसरी टॉर्चच्या बाजूला. दोन्ही सावल्या एकावर एक आणा. आता टॉर्च हळूच उजवीकडे सरकवा. कोणती सावली जास्त सरकली? कोणत्या दिशेला? यावरून नळी सरकवून छिद्र कसे ओळखतात, ते वहीत आकृती काढून लिहा.

प्रश्न

१. पाण्याने भरलेली पुटी आणि मांसाची गाठ क्ष-किरणचित्रात सारखीच का दिसतात?
२. खालच्या उपदाढेच्या टोकाशी काळा डाग आहे, पण दाताला गार लागते. मूळ भरण्यापूर्वी काय कराल?
३. डागाची पांढरी कड एका बाजूला पुसट झाली आहे. दोन संभाव्य कारणे सांगा.

उत्तरे

१. दोहोंतही मुख्यतः हलक्या अणुअंकाची मूलद्रव्ये असल्याने त्या क्ष-किरण सारख्याच प्रमाणात शोषतात. २. नळी सरकवून दुसरे चित्र घ्यावे. डाग मुळापासून दूर गेला तर ते नसेचे छिद्र आहे. ३. पुटीत जंतूंचा शिरकाव झाला असेल किंवा झपाट्याने वाढणारा रोग असेल. म्हणून तपासणी लांबवू नये.